चुन्याचा क्रूस

नोएमीच्या पुस्तकाच्या आठ प्रती वाचनालयात आल्या. त्यातली एक मी माझ्या पिशवीत टाकली आणि शनिवारच्या मुलांना सांगितलं, सातच आल्यात.

चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. या काळात मुलांशी कधीच खोटं बोलले नाही असं नाही, पण पुस्तकांच्या बाबतीत बोलले नव्हते.

आमचं सान रोके म्हणजे स्ट्रॉबेरीचं गाव. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी मुलांना जमवते. तेरा ते सतरा वयाची मुलं. बहुतेकांचे आईबाप शेतात, नाहीतर शीतगृहात. मी शिकवायला लागले तेव्हा आमची मुलं बर्फात घसरगाडी ओढणाऱ्या पोरांच्या गोष्टी वाचायची, आणि सान रोकेत बर्फ दिसायचा तो फक्त मासेवाल्याच्या गाडीवर. आता तसं नाही. आमच्यासारखी आडनावं असलेली, मुलं आईला दवाखान्यात डॉक्टरचं बोलणं तिच्या भाषेत समजावून सांगतात अशी, शेतातून आलेल्या बापाच्या बुटांचा वास असलेली पुस्तकं निघतात. ती मागवायची, वाटायची आणि मुलं भांडायला लागली की गप्प बसायचं, एवढंच माझं काम.

नोएमीचं पुस्तक मात्र आमच्याच गावातल्या मुलीने लिहिलेलं पहिलं. नाव 'चौदावी सरी'. नोएमी माझी विद्यार्थिनी. पुढे मोठ्या शहरात गेली आणि तिथेच राहिली.

"बाई, कव्हरवरच्या आपल्या पोरी नेहमी पाठ करूनच का उभ्या असतात?" दुल्सेने प्रत हातात पडल्या पडल्या विचारलं. "चित्रकारांना आमची तोंडं काढता येत नाहीत का?"

"तुझं काढायला घेतलं तर ते बंद व्हायची वाट बघावी लागेल," मी म्हटलं.

मुलं हसली. यूरिदिया हसली नाही. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. सात प्रती वाटून संपल्या आणि तिच्यापर्यंत आली नाही.

"तू कुणाची तरी झाल्यावर घे," मी म्हटलं.

"चालेल," ती म्हणाली.

तिचं सगळं असंच झालं होतं. पंधरा वर्षांची पोर. पूर्वी माझ्याशी इतकं भांडायची की शेजारच्या खोलीतून ग्रंथपाल डोकावायच्या. एकदा एका लेखकाला तिने सहा पानांचं पत्र लिहिलं होतं, की तुमच्या पुस्तकातली आजी फक्त पोळ्या भाजते, तिला दुसरं काही काम द्या. आई गेल्यावरही ती आठवड्याला एक पुस्तक न्यायचीच. परत आणायची. कसं वाटलं, विचारलं तर म्हणायची, बरं होतं.

मी प्रत लपवली ती एकोणिसाव्या प्रकरणामुळे.

यूरिदियाची आई ओनोरीना सोळाव्या वर्षी डोंगराकडच्या गावातून इथे आली. नोएमीही तेव्हा सोळाचीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघी एकाच सरीत स्ट्रॉबेरी तोडायच्या. चौदाव्या. संध्याकाळी माझ्याकडे यायच्या, ओनोरीना लिहायला शिकायला आणि नोएमी तिच्या सोबतीला. पुढे ओनोरीनाला मुलगी झाली तेव्हा बाप्तिस्म्याच्या वेळी नोएमीने तिला हातात धरलं, तिची माद्रीना झाली, म्हणजे धर्ममाता. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ओनोरीनाची मूत्रपिंडं गेली आणि तीन आठवड्यांत तीही गेली. चाळीस वर्षांचीही नव्हती.

घर लहान, भाड्याचं. म्हणून शवपेटी गॅरेजमध्ये ठेवली. मातीला नेलं आणि जिथे पेटी होती तिथे सिमेंटवर चुन्याचा क्रूस काढला, पुरुषभर लांब. नऊ संध्याकाळ त्याच्यापुढे जपमाळ झाली. नवव्या दिवशी तो उचलायचा असतो. आधी डोकं, मग उजवा हात, डावा हात, मग पाय. फुलांच्या जुडीने गोळा करून लहान पेटीत भरायचा आणि थडग्यावर नेऊन पुरायचा. तोवर माणूस घरातच असतं. घरच्यांनी त्याला हात लावायचा नसतो, घरचं माणूस कसं सोडेल? त्यासाठी क्रुसाची माद्रीना लागते. तिने एकदा हो म्हटलं की दुसरीला सांगता येत नाही.

फिदेन्सिओने, यूरिदियाच्या बापाने, दफनाच्या दिवशीच नोएमीला विचारलं. ती हो म्हणाली. कामासाठी परत गेली. नवव्याला येते म्हणाली.

नवव्याला गॅरेजमध्ये चाळीस माणसं होती. प्रार्थना सांगणाऱ्या तोमासाआजींनी तीन वेळा जपमाळ पहिल्यापासून घेतली. फोन लागत नव्हता. शेवटी मक्याच्या पिठाचे तामाले गार व्हायला लागले म्हणून लोकांनी खाल्ले आणि ते घरी गेले. मीही गेले. क्रूस तिथेच राहिला.

नोएमीने पुढे फुलं पाठवली, आणि एक पत्र. पत्रात क्रुसाचं काही नव्हतं. आणि फिदेन्सिओने स्वतःहून कळवलं नाही.

चौदा महिने झाले. फिदेन्सिओ पिकअप रस्त्यावर लावतो. मंगळवारी रस्ता झाडणारी गाडी येते, तेव्हा पहाटे उठून ती पलीकडच्या बाजूला नेतो, गाडी गेली की परत आणतो. कपड्यांचं मशीन गॅरेजच्या पाठीमागच्या भिंतीला आहे. यूरिदिया टोपली घेऊन क्रुसाच्या डोक्यापासून वळसा घालून मशीनपाशी जाते आणि तसाच वळसा घालून येते. आता तेही संपायला आलं होतं. मालकाने घर विकलं. जूनच्या तीस तारखेला, रविवारी, जागा सोडायची. नवीन माणसं गॅरेज धुऊन रंगवणार.

आणि सत्तावीस तारखेला, गुरुवारी, नोएमी आमच्या वाचनालयात आपलं पुस्तक वाचून दाखवायला येणार होती.

पुस्तकातल्या मुलीचं नाव लुस. तिची आई सरीत कोसळते आणि मरते. एकोणिसाव्या प्रकरणात नववा दिवस आहे. मी ते दोनदा वाचलं. चांगलं लिहिलं होतं. त्यात क्रूस उचलला जातो.

पुढच्या शनिवारी मुलं पुस्तक वाचून आली. अर्धा तास सगळं ठीक चाललं. कुणाला फोरमन आवडला नाही, कुणाला शेवट आवडला. मग दुल्से म्हणाली, "आणि ते क्रुसाचं प्रकरण! लुस एकटी गुडघ्यावर बसून उचलते ना, तिथे मी इतकी रडले की माझी आई म्हणाली, कोण पोरगा आहे तो, नाव सांग."

मग तिच्या लक्षात आलं आणि तिने खिडकीकडे पाहिलं. खोलीत सगळ्यांना माहीत होतं. त्यातल्या निम्म्यांनी त्या गॅरेजमध्ये तामाले खाल्ले होते.

"कोण उचलतं?" यूरिदियाने विचारलं.

"लुस," दुल्से म्हणाली. "सॉरी. मी—"

"मुलगी उचलते?"

"हो."

"आणि माद्रीना?"

दुल्सेने पुस्तक उगाच उघडलं. "माद्रीना नाहीये पुस्तकात. म्हणजे, कुणीच नाहीये. बापही बाहेर उभा असतो."

यूरिदियाने माझ्याकडे पाहिलं. "बाई, आठवी प्रत तुमच्या पिशवीत आहे ना? द्याल?"

"तुला कुणी सांगितलं?"

"खोक्यावर आठ लिहिलं होतं."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी पिशवीतून पुस्तक काढून दिलं. तिने अनुक्रमणिका पाहिली, पान उघडलं आणि वाचायला बसली. मुलं हळू आवाजात दुसरंच काही बोलत राहिली. सव्वा अकराला तिने पुस्तक मिटलं.

"मला आधीच द्यायला हवं होतं," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"ठीक आहे."

"कसं वाटलं?"

"बरं आहे."

मुलं निघाली तरी दुल्से घुटमळत होती. दारात तिने यूरिदियाला गाठलं. "ऐक ना. मग तूच का नाही उचलत? लुससारखी? पुढच्या रविवारी घर जाणार. मी येते हवं तर, मी पेटी धरते."

"घरच्यांनी उचलायचा नसतो."

"पण पुस्तकात—"

"ते पुस्तकात," यूरिदिया म्हणाली. "लुसची आई कुठे जाते ते लिहिलंय का त्यात?"

"म्हणजे?"

"घरच्यांनी उचलला तर ती जात नाही. तिथेच राहते. पुढच्या लोकांच्या गाडीखाली."

दुल्सेने यूरिदियाची पाठीवरची पिशवी काढून घेतली आणि कोपऱ्यापर्यंत स्वतःच्या खांद्यावर नेली.

मंगळवारी मी त्यांच्या घरी गेले. सकाळचे सात वाजत होते. फिदेन्सिओ पिकअप पलीकडे लावून फुटपाथवर झाडणाऱ्या गाडीची वाट बघत उभा होता. हातात कॉफीचा कप होता.

"या बाई," तो म्हणाला. "आज कामाला उशिरा जातोय. सामान बांधतोय."

गॅरेजचं दार वर केलेलं होतं. एका बाजूला खोकी रचली होती, सगळी भिंतीला चिकटून. मधोमध क्रूस. त्याच्या कडा आता सरळ राहिल्या नव्हत्या. मशीनच्या बाजूचा डावा हात पाण्याने निम्मा गेला होता. डोक्याशी काचेच्या पेल्यातली मेणबत्ती होती, नवी.

"मी नोएमीला फोन करू का?" मी विचारलं.

"नको."

"तिला माहीत नसेल. तिला वाटत असेल, कुणीतरी उचलला."

"कोण उचलणार? तिने हो म्हटलंय." त्याने कप खोक्यावर ठेवला. "बाई, हात धरून ओढून आणलेली माद्रीना काय कामाची? यायची तर स्वतःच्या पायांनी यायला हवी. मी तिची वाट बघितली. इतकंच मला करता येत होतं."

"आणि रविवारी?"

"रविवारी दार खाली ओढणार आणि किल्ली देणार."

यूरिदिया कपड्यांची टोपली घेऊन आली. वळसा घालून गेली, मशीन सुरू केलं, वळसा घालून परत आली. "अपा, ती गुरुवारी वाचनालयात येणार आहे," ती म्हणाली. "मी जाणार आहे."

"जा. पण तिच्याकडे काही मागायचं नाही."

"मागणार नाही. पुस्तकाबद्दल प्रश्न विचारणार आहे. बाई म्हणतात, पुस्तकाला प्रश्न विचारावेत."

फिदेन्सिओने माझ्याकडे पाहिलं. रस्ता झाडणारी गाडी आवाज करत आली आणि तो पिकअप परत आणायला गेला.

घरी येऊन मी नोएमीला फोन केला. फिदेन्सिओने नको म्हटलं होतं तरी केला. तिने लगेच उचलला. "बाई! किती दिवसांनी! मी गुरुवारसाठी नवा फ्रॉक घेतलाय, हसू नका." मी हसले. खुर्च्या किती लागतील ते विचारलं. माईक आहे, पण खरखरतो, असं सांगितलं. नंतर आम्ही फोन ठेवला.

गुरुवारी चारला खोली भरली. खुर्च्या कमी पडल्या, आया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. शेतातून थेट आलेल्या बायका होत्या, डोक्याचे रुमाल हातात घेऊन. गावच्या मुलीचं पुस्तक. कुणी तिच्यासाठी गोड पाव आणला होता. नोएमीने पहिलं प्रकरण वाचलं, सोळा वर्षांच्या दोन मुली एकाच सरीत दोन टोकांनी सुरुवात करून मध्ये भेटतात ते. छान वाचलं. माईक खरखरला नाही.

यूरिदिया तिसऱ्या रांगेत बसली होती. नोएमीने आल्या आल्या तिला मिठी मारली होती. यूरिदिया मिठीत उभी राहिली, हात खालीच. नोएमी म्हणाली, केवढी झालीस. यूरिदिया म्हणाली, हो.

प्रश्न सुरू झाले. लिहायला किती वर्षं लागली. चार. फोरमन खरा आहे का. सगळेच फोरमन खरे आहेत, नोएमी म्हणाली, आणि बायका खदखदून हसल्या. दुल्सेने कव्हरवरच्या पाठमोऱ्या मुलीचा प्रश्न विचारला आणि नोएमी म्हणाली, मी पण हेच विचारलं होतं, मला अजून उत्तर आलं नाहीये.

मग यूरिदियाने हात वर केला.

"दोनशे सहाव्या पानावर लुस क्रूस उचलते," ती म्हणाली. "त्यात माद्रीना नाही. ती कुठे गेली?"

नोएमीने पाण्याचा घोट घेतला. असा प्रश्न तिला आधी इतर गावांत कुणी विचारला असणार, कारण तिचं उत्तर तयार होतं.

"चांगला प्रश्न. पहिल्या मसुद्यात माद्रीना होती. माझ्या संपादक म्हणाल्या, या वयाच्या मुलांच्या पुस्तकात शेवटचं मोठं काम मुलीनेच करायला हवं. वाचणाऱ्या मुलांना वाटलं पाहिजे की आपल्या हातात काहीतरी आहे. आपल्याकडे असं नसतं, हे मी त्यांना सांगितलं. पण नंतर मला पटलं. मी माद्रीना काढून टाकली."

"कळलं," यूरिदिया म्हणाली. ती खाली बसली नाही. "पुस्तकातलं कळलं. आमच्या गॅरेजमधला अजून तिथेच आहे. आम्ही रविवारी घर सोडतोय. मी मागत नाहीये. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

लहानपणापासून ती नोएमीला 'ए माद्रीना, तू' म्हणायची. ते 'तुम्ही' मी ऐकलं आणि नोएमीनेही ऐकलं.

"तिथेच म्हणजे?" नोएमी म्हणाली. "तोमासाआजींनी नाही...? मला वाटलं, कुणीतरी..."

"तुम्ही हो म्हणाला होतात ना," यूरिदिया म्हणाली आणि बसली.

तोमासाआजी पहिल्या रांगेत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी शेजारणीला मोठ्याने विचारलं, "काय म्हणाली पोर?" शेजारणीने सांगितलं. आजींनी मान हलवली. "मग खरंच आहे ते," त्या म्हणाल्या. "हो म्हणाली होती. मी तिथेच होते."

ग्रंथपाल उठल्या आणि म्हणाल्या की आता लेखिका पुस्तकांवर सह्या करतील. लोक रांगेत उभे राहिले. नोएमीने पहिल्या तीन पुस्तकांवर सही केली. चौथ्यावर तिने तारीख लिहिली आणि नाव लिहायचं राहून गेलं. पेनाचं टोपण लावलं.

"बाई," ती मला म्हणाली, "दफनभूमीचं दार कितीला बंद होतं?"

"जूनमध्ये सातला."

"आत्ता?"

"पाच वाजून दहा मिनिटं."

माझ्या गाडीत पुढे तोमासाआजी बसल्या, मागे नोएमी. वाटेत फुलवाल्यापाशी थांबून तिने पांढऱ्या फुलांच्या चार जुड्या घेतल्या. यूरिदिया दुल्सेबरोबर चालत पुढे गेली होती, बापाला सांगायला.

"मी विमानतळावर गेले होते," नोएमी मागून म्हणाली. "त्या दिवशी. विमानाची घोषणा झाली. लोक उठले. मी बसून राहिले. दोन वेळा माझं नाव घेतलं. तिला त्या जमिनीवरून मी काढायचं, माझ्या हातांनी, हे मला... मी तिथेच वही काढली आणि ते प्रकरण लिहिलं, माद्रीना असलेलं. ते लिहून झालं आणि मला वाटलं, झालं. खरंच असं वाटलं, बाई. नंतर कधी विचारायचं धाडस केलं नाही."

पोरांना मीच शिकवलं होतं की लिहिलं की मन मोकळं होतं.

"काय म्हणते?" तोमासाआजींनी विचारलं.

"उशीर झाला म्हणते."

"चौदा महिने," आजी म्हणाल्या. "माझ्या गावी एकदा तीन वर्षं राहिला होता. माद्रीना तुरुंगात होती."

गॅरेजचं दार वर होतं. फिदेन्सिओ कामाचेच कपडे घालून, केस ओले करून मागे वळवून उभा होता. नोएमी फुलं घेऊन दारात थांबली. आत यायचं की नाही ते तिला कळेना.

"आत या, कोमाद्रे," फिदेन्सिओ म्हणाला. मुलीच्या माद्रीनाला बाप त्याच नावाने हाक मारतो. गेल्या वर्षीही त्याने तशीच मारली असती.

पेटी नव्हती. सगळी खोकी सामानाने भरलेली. शेवटी दुल्सेने एका खोक्यातल्या वाट्या जमिनीवर काढल्या आणि ते रिकामं करून दिलं, स्ट्रॉबेरीचं, कंपनीचं चित्र असलेलं. तोमासाआजी म्हणाल्या, चालेल, तिने आयुष्यभर तेच भरलं.

नोएमी नव्या फ्रॉकमध्ये सिमेंटवर गुडघे टेकून बसली. आजींनी सुरुवात केली. डोक्याची प्रार्थना झाली, नोएमीने पहिल्या जुडीने डोकं गोळा केलं. चुना चिकटून बसला होता. फुलं तुटत होती आणि चुना निघत नव्हता. तिने नखांनी खरवडला. आजींनी घाई केली नाही, तीच ओळ परत म्हणत राहिल्या. मग उजवा हात. डाव्या हातापाशी फारसं काही नव्हतंच, पाण्याने नेलेलं. नोएमीने वर पाहिलं.

"जिथे होता तिथून झाड," आजी म्हणाल्या. "हात होता तिथे."

तिने रिकामं सिमेंट झाडलं. मग पाय. ती रडत होती, पण आवाज न करता, आणि नाक पुसायला तिच्याकडे हात मोकळा नव्हता. फिदेन्सिओही भिंतीकडे तोंड करून उभा होता. यूरिदिया खोक्यांपाशी उभी राहून बघत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, आता रडेल. काही झालं नाही. मशीन चालू होतं. मध्येच ते थांबलं आणि तीनदा वाजलं. तिने जाऊन झाकण उघडलं नाही. नुसती उभी राहिली.

सहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही निघालो. खोकं नोएमीच्या मांडीवर होतं. थडग्यावर फिदेन्सिओने खुरप्याने वीतभर खड्डा केला, नोएमीने चुना आणि फुलं त्यात ओतली आणि माती लोटली. रखवालदार दूर उभा राहून किल्ल्या वाजवत होता. पण त्याने आम्हाला घाई केली नाही. तोही इथलाच.

परत आल्यावर नोएमी निरोप घ्यायला उभी राहिली. गुडघे पांढरे झाले होते, फ्रॉकवर चुन्याचे पट्टे. तिने यूरिदियाला विचारलं, "तुझ्या पुस्तकावर मी सही करू?"

"ते वाचनालयाचं आहे," यूरिदिया म्हणाली. "वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचं नसतं."

"मी तुला दुसरं पाठवीन."

यूरिदियाने विचारलं, "पहिला मसुदा आहे का? माद्रीना असलेला?"

"आहे."

"तो पाठव."

तिने 'पाठव' म्हटलं, 'पाठवा' नाही. नोएमीने मान हलवली आणि लगेच माझ्या गाडीकडे गेली.

मी थोडी मागे राहिले. दुल्से जमिनीवर बसून वाट्या पुन्हा कागदात गुंडाळत होती. फिदेन्सिओ गॅरेजमध्ये पिकअप घ्यायला निघाला होता, तेवढ्यात यूरिदिया म्हणाली, "थांबा अपा, कपडे काढू दे आधी." तिने टोपली घेतली आणि मशीनकडे गेली. क्रुसाच्या डोक्यापाशी जिथे वळायची तिथे वळली. जमिनीवर काहीच नव्हतं, ओला डाग आणि फुलांच्या चार पाकळ्या. ती वळसा घालून मशीनपाशी पोचली, ओले कपडे टोपलीत भरले.

"पोरी, आता सरळ ये," फिदेन्सिओ म्हणाला. "आता चालतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

टोपली कमरेला लावून ती क्षणभर उभी राहिली आणि वळसा घालूनच परत आली. मग बाजूला झाली. फिदेन्सिओने पिकअप सुरू केली आणि चौदा महिन्यांनी ती आत आणली, हळू, मशीनपासून हातभर अंतरावर थांबेपर्यंत. इंजिन बंद केलं. तो खाली उतरला नाही.

यूरिदिया बाहेर दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी तिला म्हटलं, शनिवारी येशील ना, सामानाची गडबड असेल.

"येईन," ती म्हणाली. शर्टाची बाही झटकून सरळ केली. "बाई, पुढचं पुस्तक कोणतं आहे?"